मध कपाटातून खाली उतरला त्याची गोष्ट

आमच्या घरात मधाची बाटली स्वयंपाकघरात कधी नव्हतीच. ती हॉलमधल्या लाकडी कपाटात, सगळ्यात वरच्या कप्प्यात, वेखंड, सुंठ, जायफळ, बाम आणि कुणीतरी अर्धवट सोडलेल्या चूर्णाच्या पुड्यांच्या शेजारी. खोकला आला की खाली यायची, नाहीतर सत्यनारायणाला पंचामृतासाठी, की परत वर. वर्षाला एक बाटली, तीपण अर्धी उरायची, झाकण असं चिकटलेलं की उघडायला गरम पाण्यात बुडवून ठेवायचं. मी लग्न होऊन राजारामपुरीत आले त्याला १९ वर्षं झाली, तेव्हापासून हे असंच, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं कारण माहेरीपण तसंच होतं. गोड म्हणजे गूळ. कोल्हापुरात राहून गोडासाठी दुसरीकडं कशाला बघायचं, गुऱ्हाळं सुरू झाली की काकवीचा कॅन घरात येतो, मग भाकरीबरोबर काकवी, चपातीबरोबर काकवी, आमचे हे तर भातावर पण घेतात, ते जाऊ दे.

सगळी गडबड सुरू झाली थोरल्यामुळं. अकरावीला गेला आणि जिम लावली. आधी प्रोटीन पावडर पाहिजे म्हणून हट्ट, मी नाही म्हटलं, मग एक दिवस घरी पार्सल आलं, आत काचेच्या बरणीत पिवळे-केशरी बारीक दाणे. म्हटलं हे काय, तर म्हणतो बी पोलन. मधमाशीचं. नॅचरल आहे, सुपरफूड आहे, जिममधले दादा घेतात. किंमत वाचून मी खुर्चीत बसले. पोरानं मोठ्या ऐटीत एक चमचा कोरडाच तोंडात टाकला आणि त्याचं तोंड असं झालं की विचारू नका, खडूची पावडर आणि वाळलेलं गवत एकत्र चावल्यासारखं लागतं म्हणे. बरणी फ्रिजच्या दारात गेली. पण पैसे घातलेत म्हटल्यावर मला काय झोप येईना, म्हणून मी वाचायला बसले, आणि तिथून जे सुरू झालं ते अजून चालूय.

तर हे परागकण म्हणजे काय, कामकरी माशी फुलाफुलावर फिरताना अंगाला लागलेला पराग थोडा मध लावून मळते आणि मागच्या पायांना त्याचे दोन गोळे चिकटवून घरी आणते. पेटीच्या दाराला बारीक भोकांची जाळी लावली की माशी आत शिरताना ते गोळे अंगावरून सुटून खालच्या ट्रेमध्ये पडतात. तेच गोळा करून वाळवून बरणीत. त्यात प्रथिनं असतात हे खरं, सरासरी २० टक्क्यांच्या आसपास, फूल कुठलं त्यावर बरंच कमीजास्त. जीवनसत्त्वं, खनिजं पण असतात. पण माणूस खातो किती? एक चमचा. ५ ग्रॅम धरा. म्हणजे प्रथिन १ ग्रॅम! एका अंड्यात ६ ग्रॅम असतं आणि २५ ग्रॅम शेंगदाण्यांत, म्हणजे एक छोटी मूठ, त्यातपण ६ च्या वरच. मी पोराला म्हटलं बाबा तुझ्या बरणीच्या पैशात महिनाभर रोज चार अंडी आली असती. त्यानं मान हलवली आणि कानात हेडफोन घातला.

आणखी एक गोष्ट कळली जी बरणीवर कुठं लिहिली नव्हती. परागाच्या प्रत्येक कणाला एक कडक कवच असतं, तसाच गिळला तर बराचसा न पचता जातो. मधमाश्या स्वतःसुद्धा तो तसा कच्चा साठवत नाहीत, पोळ्याच्या घरात ठासून भरतात, त्यात लाळ आणि मध मिसळतात, वरून मधाचा थर देतात आणि आंबू देतात. म्हणजे आपण इडलीचं पीठ आंबवतो तसंच की हो! आपण निदान दळून किंवा रात्रभर दह्यात, दुधात भिजवून घ्यायचं. तेव्हापासून ती बरणी कामाला लागली, रात्री वाटीभर दह्यात अर्धा चमचा, सकाळी त्यात केळं चिरून, वर मध. दही पिवळसर होतं आणि त्या गवताच्या वासाचं काहीतरी फुलासारखं होतं. एवढंच सांगते की ज्यांना परागाची ॲलर्जी आहे, दमा आहे, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, रिॲक्शन जोरात येऊ शकते. आम्ही सासूबाईंना दिलंच नाही कारण त्यांना दम्याचा पंप आहे. आणि धडधाकट माणसानंपण पहिल्या दिवशी दोन-चार दाणेच खाऊन बघावं, चमचा नाही.

हे सगळं मी फोनवर मामाला सांगत होते. मामा गारगोटीला असतो. तो म्हणाला, अगं तू मधाचं वाचत काय बसलीस, पाटगावला चल की. मला पाटगाव म्हणजे मौनी महाराजांचा मठ आणि धरण एवढंच माहीत. तर म्हणाला ते मधाचं गाव झालंय, बोर्ड लागलेत. खरंच आहे ते, महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आणि त्याच्यानंतर आपल्या जिल्ह्यातलं भुदरगड तालुक्यातलं पाटगाव. मग काय, मे महिन्यात एका रविवारी आम्ही सगळे निघालो, सासूबाई पण, त्यांना मधाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना मठात दर्शन घ्यायचं होतं.

गारगोटी सोडून कडगावच्या पुढं गेलं की हवाच बदलते. वेदगंगेच्या कडेकडेनं रस्ता, मग हळूहळू झाडी दाट होत जाते. मामाच्या ओळखीचे एक काका होते, त्यांच्या परड्यात फणसाच्या सावलीला सात-आठ लाकडी पेट्या. मला वाटलेलं अंतराळवीरासारखा ड्रेस घालतील, पण काकांनी डोक्याला नुसती जाळी आणि हातात धुरासाठी पेटवलेलं गोणपाट, बस. म्हणाले, "ही सातेरी हाय. लई गरीब जात. आग्या असता तर मीबी लांबनंच दावला असता." आपल्याकडं माश्या चार प्रकारच्या सांगतात, आग्या मोठी आणि खवळणारी, उंच झाडाला नाहीतर इमारतीला एकच भलंमोठं पोळं टांगते, ती पेटीत राहत नाही. फुलोरी एकदम लहान, झुडपात तळहाताएवढं पोळं. सातेरी ही आपली देशी पाळीव, अंधाऱ्या ढोलीत समांतर पोळी बांधते म्हणून पेटीत राहायला तयार होते. आणि चौथी मेलिफेरा, ती बाहेरून आणलेली, मध जास्त देते पण तिला मोठी एकसलग फुलशेती लागते, मोहरी, सूर्यफूल असली. काका म्हणाले आमच्या रानात मेलिफेरा टिकायची न्हाई, सातेरीच खरी. वर्षाला पेटीमागं ५-७ किलो, साल चांगलं असलं तर थोडा जास्त.

त्यांनी पेटी उघडली. खालच्या मजल्यावर पिल्लं आणि राणी, वरच्या मजल्यावर मध, दोन्हीकडं चौकटी. वरच्या मजल्यातली एक चौकट उचलून दाखवली, अर्ध्या घरांवर पांढरट मेणाची टोपी, अर्धी उघडी. "ह्यो न्हाई काढायचा अजून," म्हणाले. फुलातला रस पातळ पाण्यासारखा असतो, माश्या पंख हलवून हलवून त्यातलं पाणी उडवतात आणि पाणी विसेक टक्क्यांपर्यंत खाली आलं की मगच टोपी घालतात. टोपीच्या आधी काढला तर मध आंबतो, बाटलीत फेस येतो. टोप्या सुरीनं सोलून चौकट यंत्रात फिरवायची, मध उडून भिंतीला लागतो आणि तोटीतून खाली येतो, पोळं अख्खं राहतं, परत पेटीत ठेवलं की माश्यांचं नवीन घर बांधायचं काम वाचतं. हे काम म्हणजे थोडंथोडकं नाही, १ किलो मेण करायला माश्या ६ ते ८ किलो मध खातात असं सांगतात! त्यामुळं पूर्वीसारखं पोळं पिळून मध काढणं म्हणजे पिल्लंपण गेली, मेणपण गेलं आणि मधात सगळी घाण. मामा म्हणाला आम्ही लहानपणी पोळ्यातली पिल्लं भाजून खायचो, खोबऱ्यासारखी लागायची. सासूबाईंनी पदर नाकाला लावला. काका नुसते हसले आणि म्हणाले पोटाला नसायचं तवा ठीक होतं.

मग त्यांनी तीन बशा आणल्या. एकात गडद, जवळजवळ काळ्या चहाच्या रंगाचा, तो जांभळाचा. जिभेवर आधी गोड आणि मागून किंचित कडू, तुरट, खरंच जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तशी. दुसरा रानातल्या मिक्स फुलांचा, हिरडा आणि काय काय, तो फिकट, गोडपणा सौम्य. तिसऱ्या बशीत पोळ्याचा तुकडा. धाकटीनं तोच पळवला आणि मेणासकट चघळत बसली, मेण पचत नाही पण पोटाला त्रासही देत नाही, आलं तसं जातं. कारवीचा मध आहे का विचारलं तर म्हणाले कारवी फुलायची सात-आठ वर्षांनी, तेव्हा या. मी थक्क झाले हो. इतकी वर्षं मला वाटत होतं मधाला एकच चव असते, मधाची.

तिथं मला एकदम जाणवलं की आपण मधाला चवीसाठी कधी खाल्लंच नाही. औषध म्हणून गिळला, देवाला वाहिला. माझी आजी सितोपलादी चूर्ण मधातून द्यायची, म्हणायची मध हे अनुपान आहे. अनुपान म्हणजे ज्याच्याबरोबर औषध घ्यायचं ते, गाडी म्हणा की. कडू चूर्ण गाडीत बसवून पोटात पोचवायचं. माझ्या डोक्यात तो शब्द घरी येईपर्यंत फिरत राहिला. कारण पोषण पोषण म्हणून सगळे मधाच्या मागं लागलेत, पण आकडे बघितले तर मधात बहुतेक साखरच, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, १०० ग्रॅमला ३०० कॅलरी, खनिजं अगदी नावाला. लोह वगैरे बघायचं तर आपला गूळच त्याच्यापेक्षा पुढं. पण ज्या पदार्थांत खरं पोषण आहे आणि पोरं तोंड फिरवतात, ते खपवायला मधासारखा मध्यस्थ नाही. हे मी आता छातीठोकपणे सांगते कारण वर्षभर करून बघितलंय.

सगळ्यात भारी जमलं ते नाचणीचं. नाचणीत कॅल्शियम १०० ग्रॅममागं साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, दुधापेक्षा जास्त, पण आमची धाकटी आंबिलीचा वाडगा बघितला की पोटात दुखतं म्हणायची. मी ताकातली आंबील नेहमीसारखी केली, जिरं नको मीठ नको, कोमट झाल्यावर त्यात चमचाभर फिकट मध आणि चिमूटभर वेलची. गुळानं आंबील गढूळ आणि जड लागते, मधानं हलकी राहते. दोन वाडगे. दुसरं म्हणजे भाकरी. ज्वारीची गरम भाकरी, त्यावर घरचं पांढरं लोणी आणि त्यावर जांभळाचा मध, हे खाल्लं नाही तर काय खाल्लं. आणि त्याच ताटात एका कोपऱ्यात हिरव्या मिरचीचा खर्डा. हसू नका, एकदा करून बघा, मध-लोणी-खर्डा एकाच घासात. आमच्या ह्यांनी आधी नावं ठेवली, आता रविवारी स्वतःहून बरणी काढतात.

फसलंही बरंच. संक्रांतीला तिळाची वडी मधात करायची ठरवली. दिसायला सुंदर झाली. संध्याकाळपर्यंत हाताला चिकटायला लागली आणि दुसऱ्या दिवशी डब्यात एकच गोळा. कारण मध हवेतलं पाणी ओढून घेतो, गुळाच्या पक्क्या पाकासारखा कडक राहायचा त्याचा स्वभावच नाही. केकमध्ये हाच गुण कामाला येतो, मधाचा केक तीन-चार दिवस मऊ राहतो. एक वाटी साखरेच्या जागी पाऊण वाटी मध पुरतो कारण गोडी जास्त, दूध दोन-तीन चमचे कमी करायचं आणि ओव्हन १०-१५ डिग्री खाली ठेवायचा, नाहीतर वरून करपतो आणि आत कच्चा. हे करपण्याचं मला केकवरून नाही, चिकनवरून कळलं. कांदा-लसूण मसाला, लिंबू, मध असं सगळं एकत्र लावून चिकन दोन तास मुरवलं आणि तव्यावर टाकलं, पाच मिनिटांत बाहेरून कोळसा. पुढच्या वेळी मध मुरवणीत घातलाच नाही, चिकन शिजत आलं की शेवटच्या मिनिटाला ब्रशनं फिरवला. चकचकीत, तिखट, मागून गोड, आणि पोरांनी हाडं पण चाटली. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात मात्र कुणी प्रयोग करू नका, मीपण केला नाही, घरातून हाकललं असतं.

आणि आवळा. हिवाळ्यात आवळ्याच्या फोडी मधात बुडवून बरणी कट्ट्यावर ठेवली, आठवड्यानं मध पातळ पाण्यासारखा झाला आणि झाकण उघडताना सोड्याच्या बाटलीसारखा फस्स आवाज. आवळ्याचं पाणी मधात उतरलं, मध पातळ झाला की आंबवणाऱ्या यीस्टला रान मोकळं. नुसता मध वर्षानुवर्षं टिकतो तो त्यातलं पाणी कमी आणि तो आंबट असतो म्हणून, एकदा पाणी वाढलं की तो साधा साखरेचा पाकच समजा. आता फोडी आधी दोन दिवस उन्हात सुकवते आणि बरणी फ्रिजमध्ये.

उन्हावरून आठवलं, गरम करण्याचा वाद. सासूबाईंचं ठाम मत की मध गरम केला की विष होतो, आयुर्वेदात सांगितलंय. मी केक करते तेव्हा त्या त्या खोलीत येत नाहीत. मी वाचलं त्यात असं आहे की मध तापवला किंवा फार दिवस उन्हात राहिला की त्यात एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो, आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, एफएसएसएआयनं, त्याची मर्यादा किलोमागं ८० मिलिग्रॅम घातलीय, पण ती मुख्यतः मध जुना किंवा जास्त तापवलेला आहे का हे ओळखण्यासाठी. केकनं कुणी आजारी पडल्याचं आमच्याकडं तरी झालेलं नाही. पण सासूबाईंचं एका अर्थानं बरोबरच आहे, उकळत्या दुधात पाटगावचा मध ओतला की त्यातला जांभळाचा वास गेलाच, मग नुसती महागडी साखर. म्हणून चहा, दूध, आंबील, सगळं पिण्याइतकं कोमट झालं की मगच मध. दोघी खूश. पंचामृतात तूप आणि मध समप्रमाणात नको हा नियम त्या पाळतात, मीपण पाळते, त्यात माझं काय जातंय.

एका गोष्टीत मात्र मी त्यांचं ऐकलं नाही. कसबा बावड्यात नात्यातलं बारसं होतं, बाळाच्या जिभेला सोन्याच्या अंगठीनं मध लावायचा घाट घातलेला. मी नको म्हटलं तर सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या, आमची सगळी पोरं मध चाटूनच मोठी झाली की! पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, थेंबभरसुद्धा नाही. मधात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, मोठ्यांच्या पोटात ते गप्प पडून राहतात पण तान्ह्याच्या आतड्यात रुजतात, विष तयार करतात, आणि बाळ एकदम लुळं पडतं, दूध ओढत नाही. शुद्ध मध असला तरी असू शकतात, घरी उकळून मरत नाहीत. बाळाची आईच डॉक्टरांना फोन करून आली आणि विषय मिटला, अंगठी कोरडीच टेकवली. एक मोठी जाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

शुद्ध मध कसा ओळखायचा हे मला आता येणारा-जाणारा विचारतो. खरं सांगू, घरी ओळखता येत नाही. पाण्यात थेंब टाकणं, वात भिजवून पेटवणं, कागदावर डाग पडतो का बघणं, कुत्रं तोंड लावत नाही म्हणे, सगळं करून बघा, घट्ट साखरेचा पाकपण हे पेपर पास होतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं १३ ब्रँडचे मध तपासले होते, जर्मनीतल्या लॅबमध्ये एनएमआर नावाच्या, पाकाची भेसळ पकडणाऱ्या चाचणीपर्यंत नेले, सगळ्या चाचण्या पास झालेले फक्त ३. कंपन्यांनी आरोप नाकारले. पण गंमत अशी की त्यातले बरेचसे आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्या पास झालेले होते, म्हणजे पाक बनवणारेच चाचणीला पुरून उरतील असा पाक बनवतात. मग वातीनं काय कळणार. मी स्वतः फसलेय, हायवेला बादलीत पोळं तरंगत ठेवून विकत होता एकजण, वर दोन-चार माश्या पण फिरत होत्या, दोन बाटल्या घेतल्या. घरी येऊन चाखला तर सरळ गुळाचा पाक, आणि गूळ काय आम्हाला ओळखू येत नाही? कोल्हापूरकराला गूळ विकला त्यानं मध म्हणून, दाद दिली पाहिजे.

उलट लोक खरा मध फेकून देतात. थंडीत बाटलीच्या तळाला साखर बसली की भेसळ म्हणून बोंब. अहो ग्लुकोज थंडीत दाणे धरतो, तो मधाचा गुणच आहे, काही फुलांचा लवकर बसतो काहींचा उशिरा. बाटली कोमट पाण्यात ठेवली की परत पातळ. मी तर आता बसलेला मधच चपातीला लावते, ओघळत नाही. आणि विकत घेताना वजन बघा, मध पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतो, ७५० मिलीच्या बाटलीत किलोभर मावतो, तेव्हा "एक लिटर" आणि "एक किलो" यात बराच फरक पडतो.

आमच्या ह्यांची साखर बॉर्डरला आलीय, त्यामुळं त्यांनी मध सापडल्यावर आनंदानं चहात दोन चमचे चालू केले होते, नॅचरल आहे म्हणून. मी मोजून दाखवलं, चहाचा चमचाभर साखर ४ ग्रॅम, त्याच चमच्यात मध ७ ग्रॅम, म्हणजे चमच्याला चमचा धरला तर मधातच कॅलरी जास्त! जागतिक आरोग्य संघटना पण मधाला साखरेच्याच खात्यात धरते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आता चहा बिनसाखरेचा आणि मध फक्त रविवारच्या खर्ड्याबरोबर.

रॉयल जेलीच्या कॅप्सूल पण थोरल्यानं दाखवल्या मध्ये. राणीचं खाद्य, कामकरी माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून येतं, ते खाऊन साधी अळी राणी होते हे खरं आहे. मी म्हटलं तुला राणी व्हायचंय का? विषय संपला. प्रोपोलिसचं मी पाटगावच्या काकांना विचारलं होतं, ते झाडाचा डिंक गोळा करून माश्या फटी बुजवतात ते, तर म्हणाले सातेरी त्याच्या फंदात पडत नाही, ते मेलिफेरावाल्यांकडं बघा.

निघताना काकांनी मधाबरोबर मेणाचा एक गोळा पण दिला होता, पिवळा, मुठीएवढा, त्याला अजून मधाचा वास. मला काय करायचं ते कळेना, गुगल केलं तर बाहेर सफरचंदाला, चॉकलेटला चकाकीसाठी लावतात, ओठांचा बाम करतात. तो वर्षभर फ्रिजवर पडून होता. परवा सासूबाईंनी तो उचलला, नखानं थोडं खरवडलं, अंगठ्यानं मळून मऊ केलं आणि कपाळाला लावून बघितलं. पूर्वी बायका आधी मेण लावायच्या आणि त्यावर कोरडं कुंकू, दिवसभर हलायचं नाही. त्यांच्या आईची पितळेची छोटी डबी होती म्हणे, एका बाजूला मेण, एका बाजूला कुंकू, कुठं गेली कुणास ठाऊक. मग कपाटातला वरचा कप्पा उघडला, आता तिथं बाटलीची जागा रिकामीच आहे, आणि वेखंडाच्या मागं हात घालून शोधत बसल्या. डबी काही मिळाली नाही. बामची रिकामी डबी धुवून त्यात मेण वितळवून ओतून दिलंय मी, सध्या त्यावर भागतंय.